कार्ट रेसिंग गेम: स्क्रीनवर एवढी झगमग असताना पोरांना रस्ता दिसतो तरी कसा?

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पडायची सोय नसते, जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठंही जा, बाराच्या पुढं रस्ते सुने आणि पोरं घरात. आणि घरात काय चालू असतं तर टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर छोट्या रंगीत गाड्यांची शर्यत. गाड्या उडतायत, पाण्याखाली जातायत, वरून काहीतरी पडतंय, कडेला नाणी, मधेच वीज चमकते, कोपऱ्यात नकाशा, वर आकडे, आणि हे सगळं एका वेळी. आपण पाच मिनिटं बघितलं तरी आपली गाडी कुठली आणि दुसऱ्याची कुठली हेच कळत नाही. घरातली आजी म्हणते, "माले काही समजी नही ऱ्हायनं रे भो, निस्तं झगझग करी ऱ्हायनं."

आजीचं बरोबरच आहे. हा गोंधळ खरा आहे, आणि तो बऱ्याच अंशी मुद्दाम बनवलेला आहे. पण मग आठ-दहा वर्षांचं पोर त्यात पहिलं कसं येतं? त्याचे डोळे काही वेगळे नसतात. मला या लेखात मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे हा गेम चांगला खेळणारा आपल्यापेक्षा कमी बघतो. काय सोडून द्यायचं ते त्याला माहीत असतं. चक्कर, डोळे, फिट, वय, बंदी, असे जे प्रश्न लोक विचारतात त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात, म्हणून जरा पहिल्यापासून घेऊ.

कार्ट गेम म्हणजे नेमकं काय

कार्ट म्हणजे वरून उघडी, जमिनीला चिकटून पळणारी छोटी चारचाकी. असे गेम आधी कोणी बनवलेच नव्हते असं नाही, पण आज जो प्रकार आपण बघतो तो पक्का केला निन्टेंडो या जपानी कंपनीच्या सुपर मारिओ कार्टनं, १९९२ मध्ये. त्यावेळच्या मशीनला खरी त्रिमिती जागा दाखवणं अवघड होतं, म्हणून त्यांनी एक सपाट चित्र घेतलं आणि ते तिरपं करून गरगर फिरवलं, की वाटावं आपण त्या जमिनीवरून पळतोय. आठ गाड्या, सपाट रस्ता, बस. १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ मध्ये चढउतार आले आणि एका टीव्हीवर चौघं खेळू लागले. पुढं गाड्या बारा झाल्या, आणि जून २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ या गेम मशीनबरोबर आलेल्या मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये एका शर्यतीत २४ गाड्या असतात. म्हणजे गर्दी तिप्पट झाली, डोळे मात्र तेच राहिले.

आपल्याकडे घरोघरी निन्टेंडो नाही, खरं आहे. आपल्या पोरांच्या हातात बहुतेक मोबाईलवरचा बीच बगी रेसिंग असतो, ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे तो सुपरटक्सकार्ट फुकट उतरवून घेतो. नावं वेगळी, पण आतली रचना सारखीच. रस्त्यात पेट्या ठेवलेल्या असतात, पेटीवरून गाडी नेली की काहीतरी हत्यार मिळतं, ते दुसऱ्यावर टाकायचं. जुनं आणि प्रसिद्ध हत्यार म्हणजे केळीची साल, रावेर-यावलच्या पोरांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही.

यात एक नियम आहे जो मोठ्यांना अन्यायाचा वाटतो. पेटीतून काय मिळणार हे नुसत्या नशिबावर नसतं, तुम्ही कितव्या नंबरवर आहात किंवा पुढच्यापासून किती लांब आहात यावर ते ठरतं. पुढं असलेल्याला किरकोळ वस्तू, मागे पडलेल्याला जबरदस्त वस्तू. मारिओ कार्ट ६४ पासून तर कासवाचं एक निळं, काट्यांचं कवच आहे जे थेट पहिल्या नंबरवाल्याला शोधत जातं. म्हणून शेवटच्या वळणापर्यंत पुढं असलेलं पोर अचानक चौथं येतं आणि रिमोट फेकतं. हे चुकून होत नाही, लहान भाऊ आणि मोठा भाऊ एकत्र खेळले तरी दोघांना मजा यावी म्हणून तसं केलेलं आहे. पण त्यामुळंच स्क्रीनवर सारखं काही ना काही फुटत असतं.

हा गोंधळ मुद्दाम का करतात

वेग दाखवायचा म्हणून. टीव्ही तर जागचा हलत नाही, आपणही सोफ्यावर बसलेलो, मग वेग वाटणार कसा? आपण खरोखर पुढं जातो तेव्हा समोरच्या वस्तू मधून बाहेरच्या बाजूला सरकत जातात, जवळच्या झपाट्यानं आणि लांबच्या हळूहळू. बसच्या खिडकीतून बघा, केळीच्या बागा पळतात आणि सातपुडा जागेवर असतो. या सरकण्याला शास्त्रज्ञ दृष्टिप्रवाह म्हणतात, आणि आपला मेंदू वेगाचा अंदाज मोठ्या प्रमाणात त्याच्यावरूनच काढतो. गेमवाले मग काय करतात, कॅमेरा जमिनीजवळ ठेवतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना खांब, झेंडे, झाडं, प्रेक्षक ठासून भरतात, रस्त्यावर पट्टे काढतात. टर्बो, म्हणजे थोडा वेळ जास्तीचा वेग, मिळाला की दृश्य एकदम रुंद होतं आणि कडेला पांढऱ्या रेषा धावतात, गाडी थोडीशीच जोरात गेलेली असते पण आपल्याला वाटतं की उडालो.

म्हणजे कडेची ही सगळी सजावट वाचण्यासाठी नाहीच, ती फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून वाहून जाण्यासाठी आहे. नवा माणूस नेमका तिथंच फसतो, तो ती बघायला जातो.

डोळ्याचा हिशोब

आता हे जरा करून बघा. हात पूर्ण ताठ पुढं करा आणि अंगठ्याच्या नखाकडं बघा. तुमच्या डोळ्याला एकावेळी लख्ख दिसणारा भाग साधारण तेवढाच आहे. दोन अंशांच्या आसपास. बाकी सगळं दिसतं, पण धूसर, रंग आणि हालचाल कळते, बारकावे कळत नाहीत. आपल्याला सगळंच स्पष्ट दिसतंय असं वाटतं कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून जागा बदलतो आणि मेंदू ते तुकडे जोडून घेतो. उडी चालू असते त्या क्षणी तर मेंदू दिसणं जवळजवळ बंदच ठेवतो.

घरातला ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून बघताय असं धरा. त्या स्क्रीनचे ८०-९० तुकडे केले तर त्यातला एक तुकडा तुम्हाला एका वेळी लख्ख दिसतो, आणि सेकंदाला फार तर तीन-चार तुकडे बघून होतात. त्यात भर म्हणजे दिसल्यावर बोट हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर तेवढ्यात १५ चित्रं निघून गेली. म्हणजे समोर साल दिसली आणि मग वळवलं हे जास्त वेगात शक्यच नाही, साल येण्याआधी तुम्ही बाजूला असायला पाहिजे.

हे गणित आठ वर्षांच्या पोरालाही चुकत नाही आणि साठीच्या माणसालाही. सगळं बघणं कोणालाच जमणार नाही. मग जमतं कसं? सारंगखेड्याच्या यात्रेत तुमचं पोर गर्दीत सुटलं तर तुम्ही प्रत्येक चेहरा बघत बसता का? नाही, तुम्ही लाल स्वेटर शोधता, आणि घोडे, पाळणे, भोंगे, दुकानं, सगळं असून नसल्यासारखं होतं. मेंदूला एक खूण दिली की तो बाकीचं स्वतःच मागं ढकलतो. याचा उलटा पुरावाही आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवला आणि पांढऱ्या शर्टवाले एकमेकांकडं चेंडू किती वेळा टाकतात ते मोजायला सांगितलं, मधून गोरिलाचा वेष घातलेला माणूस चालत गेला, छाती बडवून गेला, आणि जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. आपण याला दोष समजतो पण कार्ट गेममध्ये हीच गोष्ट कामाला येते. गोरिला न दिसणं इथं फायद्याचं आहे.

मग बघायचं कुठं

वळणाच्या आतल्या कडेला, आणि थोडं पुढं. हे मी मनानं नाही सांगत. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये लँड आणि ली यांनी खऱ्या ड्रायव्हरांच्या नजरेचा माग घेतला, तर ड्रायव्हर प्रत्येक वळणाच्या सेकंद-दोन सेकंद आधीच वळणाच्या आतल्या कडेचा जो बिंदू असतो तिथं बघायला लागतात असं दिसलं. गेममध्येही तेच करायचं. नवीन माणूस स्वतःच्या गाडीला चिकटून बघतो, कारण ती स्क्रीनच्या मधोमध असते, मोठी असते, तिचा ड्रायव्हर हात हलवतो, ओरडतो. पण तुमची गाडी कुठं जाणार नाहीये, ती कायम तिथंच आहे, तिला बघायची गरज नाही. नजर उचलून पुढच्या वळणावर ठेवली की पहिल्याच दिवशी फरक कळतो, मी घरातल्या मोठ्या माणसांना एवढं एकच सांगतो आणि भिंतीला धडकणं निम्म्यावर येतं.

दुसरी गोष्ट पाठांतर. हे गेम बहुतेक तीन फेऱ्यांचे असतात आणि रस्ते ठरलेले. पोरानं तो रस्ता इतक्यांदा खेळलेला असतो की त्याला पुढचं वळण बघावंच लागत नाही, ते माहीत असतं, आणि मोकळी झालेली नजर तो सालीसाठी आणि पेट्यांसाठी वापरतो. म्हणून नव्यानं शिकताना दर वेळी नवा रस्ता घेऊ नका, एकच रस्ता धरा आणि तोच तोच खेळा, कंटाळा यायला लागला की समजा रस्ता डोक्यात बसला. मारिओ कार्टमध्ये वेगाचे वर्ग असतात ५०, १०० आणि १५० सीसीचे, बाईकसारखेच, तर ५० पासून सुरू करायला लाज वाटायचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट कान. मागून काही येतंय याची सूचना चांगल्या कार्ट गेममध्ये आवाजानं मिळते, निळं कवच येताना वेगळा आवाज, ड्रिफ्टची ठिणगी पेटली की वेगळा. ड्रिफ्ट म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवत नेणं, जितका वेळ घसरवाल तितका सुटल्यावर जास्त धक्का मिळतो. आता घरात कोणी झोपलंय म्हणून मोबाईल म्यूट करून खेळलं तर ही सगळी माहिती परत डोळ्यावर येऊन पडते. इअरफोनचा एक कान लावा पाहिजे तर, पण आवाज बंद करू नका.

आणि कोपऱ्यातला नकाशा? तो सरळ रस्त्यावर एखादी नजर टाकायला ठीक आहे, वळणात त्याच्याकडं बघितलं की गेलात.

आमचं वय झालं, आता काय जमणार

हा पहिला आक्षेप, आणि यात थोडं तथ्य आहे. वयानुसार नजरेचा वापरात येणारा पट्टा आकसतो, कडेचं उशिरा कळतं, प्रतिक्रिया मंदावते. मोतीबिंदू असेल तर चमकणाऱ्या गोष्टीभोवती वलयं दिसतात, आणि या गेममध्ये चमकत नाही अशी गोष्टच कमी.

पण शिकता येत नाही हे मात्र खोटं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रयोगशाळेत न्यूरोरेसर नावाचा एक गेम खास संशोधनासाठी बनवला होता, गाडी रस्त्यावर ठेवायची आणि त्याचवेळी ठरावीक खूण दिसली तरच बटण दाबायचं, बाकीच्या खुणा सोडायच्या. ६० ते ८५ वयाच्या लोकांना महिनाभर आठवड्यातून तीन तास तो खेळायला दिला, तर त्या गेममध्ये दोन कामं एकत्र करण्यात ते, आधी न खेळलेल्या विशीतल्या पोरांच्या पुढं गेले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तरी फायदा टिकून होता. २०१३ मध्ये हे नेचर या विज्ञान साप्ताहिकात छापून आलं. तो गेम आणि दुकानातला गेम एक नाही, हे लक्षात ठेवायचं, पण खूण धरून बाकीचं सोडायची सवय साठीनंतरही लागते एवढं त्यातून नक्की दिसतं.

गेममध्येही मदत असते, लोक ती वापरत नाहीत. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये स्मार्ट स्टीअरिंग आहे, ते चालू ठेवलं की गाडी रस्त्याच्या बाहेर पडतच नाही, आणि ॲक्सिलरेटर आपोआप धरून ठेवायचीही सोय आहे. बाकीच्या गेममध्येही सेटिंगमध्ये जाऊन बघा, कॅमेरा हलणं, धूसर करणारा मोशन ब्लर, असलं काही बंद करता येत असेल तर बंद करा. रंग ओळखण्यात अडचण असलेली माणसं आपल्यात असतात, पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बऱ्याच जणांना स्वतःला ते माहीतही नसतं. लाल आणि हिरवं कवच ज्याला एकसारखं दिसतं त्या पोराला "बघून खेळ ना" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. मला वाटतं गेम बनवणाऱ्यांनी आकार आणि आवाज वेगळे ठेवले पाहिजेत, नुसत्या रंगावर काहीच सोडू नये, आणि हे मी फार मनापासून म्हणतोय कारण रंगामुळं बाजूला पडलेलं पोर स्वतःला ढ समजायला लागतं.

बघूनच चक्कर येते, ते कशामुळं

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना बसमध्ये मोबाईल वाचत बसणाऱ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं आपण वळलो. घाटात कान सांगतो वळतोय, आणि मोबाईलवर खिळलेला डोळा सांगतो काहीच हलत नाहीये. गेममध्ये नेमकं उलटं होतं, डोळा ओरडून सांगतो आपण पळतोय, वळतोय, पडतोय, आणि कान म्हणतो अरे आपण तर सोफ्यावर आहोत. दोघांचं जुळलं नाही की मळमळ, घाम, डोकं जड. सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण हे आहे.

आता यातली एक गोष्ट फार कामाची आहे. खेळणाऱ्यापेक्षा बाजूला बसून बघणाऱ्याला जास्त त्रास होऊ शकतो, जसं घाटात ड्रायव्हरला उलटी होत नाही आणि मागच्या सीटवरच्याला होते. ड्रायव्हरला आता कुठं वळायचंय ते आधीच माहीत असतं, मेंदू तयार असतो. म्हणून नातू मजेत खेळतो आणि शेजारी भाजी निवडत बसलेली आजी म्हणते "माले चक्कर ई ऱ्हायनी", तर ती नाटक करत नाहीये. तिला टीव्हीकडं तोंड न करता बसू द्या, नाहीतर सरळ तिच्या हातात रिमोट द्या, स्वतः खेळताना तिचं गरगरणं कमी होऊ शकतं.

बाकी उपाय साधे आहेत. खोलीत दिवा लावा, टीव्हीच्या मागची भिंत, खिडकीची चौकट, काहीतरी न हलणारं नजरेच्या कडेला दिसत राहिलं पाहिजे. टीव्हीपासून लांब बसा म्हणजे स्क्रीन नजरेत कमी जागा व्यापते. आणि पोटात ढवळायला सुरुवात झाली की लगेच थांबा, "एवढी रेस संपवतो" करू नका, कारण एकदा चढलेली मळमळ गेम बंद केल्यावरही बराच वेळ राहते. मायग्रेन असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, त्यांनी तर दहा मिनिटांच्या पुढं जाऊच नये असं माझं मत आहे.

चौघं एका टीव्हीवर खेळतात तेव्हा स्क्रीनचे चार तुकडे होतात, चार वेगवेगळे रस्ते चार दिशांना पळतात. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये तर तिघं-चौघं झाले की सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं येतात, हालचाल जरा खडबडीत होते. ज्याला चक्कर येते त्यानं दोघांच्या रेसमध्ये बसावं.

डोळे खराब होतात का

गेममुळं डोळे जळून जात नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवा. एक म्हणजे थकवा. आपण एरवी मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी मिटतो, टक लावून स्क्रीन बघताना ते बरंच कमी होतं, डोळा कोरडा पडतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर असतो त्यानं आणखीच. रेस संपली की डोळे घट्ट मिटा, लांब बघा, कूलरची दिशा बदला, झालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, ती म्हणजे लहान वयात लागणारा चष्मा. तिथं गेम कुठला याला महत्त्व नाही, मोबाईल नाकाशी धरून तासन् तास बघणं आणि दिवसाच्या उजेडात बाहेर न जाणं, या दोन गोष्टी बघायच्या. बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं नीट दिसत नाही म्हणून चष्मा लागायचं प्रमाण कमी असतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. त्यामुळं खेळायचंच असेल तर मोबाईलपेक्षा टीव्ही बरा, आणि सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं असतं तेव्हा मैदानावर हाकला. मे महिन्यात दुपारी दोनला पोर घरात खेळतंय म्हणून मी कोणाला बोल लावणार नाही.

फिट येते म्हणतात, ते खरं का

खरं आहे, पण फार थोड्या लोकांच्या बाबतीत. फिट म्हणजे अपस्मार असणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांना चमकत्या उजेडानं झटका येऊ शकतो, याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात, आणि तो लहान मुलं आणि किशोरवयात जास्त दिसतो. जगानं हे धडा म्हणून शिकलं ते १६ डिसेंबर १९९७ ला. जपानमध्ये पोकेमॉन या कार्टूनच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून पालटून चमकला आणि ६८५ च्या आसपास लोकांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर जपानमध्ये टीव्हीसाठी नियम आले, आणि आज सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मोठा भाग चमकवू नये हा नियम सगळीकडं मार्गदर्शक धरतात. गेम सुरू होताना जी सूचना येते आणि जी सगळे दाबून पुढं जातात, ती याबद्दलच असते, एकदा वाचा.

घरात कोणाला फिटचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खेळताना अंधार नको, जवळ बसणं नको, झोप झालेली नसताना तर अजिबात नको. अचानक झगमगाट सुरू झाला आणि विचित्र वाटलं तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाका आणि तोंड फिरवा, नुसते डोळे मिटून भागत नाही. झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू काढा, वेळ बघा, पाच मिनिटांच्या पुढं गेलं तर दवाखाना. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, दातात चमचा घालणं, हे आपल्याकडं अजून चालतं, ते करू नका, चमच्यानं दात तुटतात आणि श्वास अडकू शकतो.

याने मेंदू तल्लख होतो का

२००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलिअर यांनी नेचरमध्येच दाखवलं की वेगवान ॲक्शन गेम खेळणारे, गर्दीच्या चित्रात हवी ती गोष्ट पटकन शोधतात आणि कडेचंही जास्त टिपतात. पण ते गेम बहुतेक नेमबाजीचे होते, आणि नजरेची ही चलाखी म्हणजे गणितात मार्क वाढणं नव्हे. कोणी ॲप विकताना "मुलाचा आयक्यू वाढेल" म्हणत असेल तर पैसे देऊ नका. पोरगं खेळतंय कारण त्याला मजा येते, एवढं कारण पुरेसं आहे. व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण त्याची अट कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, शाळा, झोप, जेवण सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान होतंय दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. सुट्टीत रोज तासभर रेस लावणारं पोर त्यात बसत नाही.

मी बटण दाबतो पण गाडी उशिरा वळते

हे बऱ्याच जणांना वाटतं आणि ते स्वतःला दोष देतात. टीव्ही चित्र सुंदर करायला त्यावर प्रक्रिया करतो, हालचाल गुळगुळीत करायला मधे खोटी चित्रं घालतो, त्यात वेळ जातो, आणि बटण दाबणं आणि चित्र हलणं यात अंतर पडतं, त्याला लॅग म्हणतात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. मोबाईलवरून टीव्हीवर वायफायनं चित्र टाकून खेळत असाल तर लॅग हटणार नाही, तिथं केबलच लागते.

गेमवर तर बंदी आली ना

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो केंद्राचा कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, त्यानं बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, आणि नुसत्या करमणुकीचे गेम यांना त्याच कायद्यात प्रोत्साहनाची भाषा आहे. तुमच्या पोराचा कार्ट गेम यात येत नाही, घाबरायचं काही नाही.

पैशाची काळजी वेगळ्या ठिकाणी करा. फुकट कार्ट गेममध्ये नवी गाडी, नवा ड्रायव्हर, जास्तीची नाणी विकत मिळतात. मारिओ कार्ट टूर या मोबाईल गेममध्ये तर पैसे टाकून नशिबानं काय निघेल ते घ्यायची सोय होती, त्यावर बरीच टीका झाली आणि २०२२ मध्ये ती काढून टाकली. पण बाकीच्या कितीतरी गेममध्ये असले नशिबाचे डबे अजून आहेत, आणि ते उघडताना मुद्दाम तीच झगमग असते, तोच आवाज. प्ले स्टोअर उघडा, सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करा, आणि यूपीआयचा पिन पोरांसमोर टाकू नका, ती बघून पाठ करतात, नजर तयार झालेली असते त्यांची.